औरस पुत्र असताना दत्तक

11 डिसेंबर 1853 रोजी नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. पोटी मुलगा नव्हता आणि हयातीत त्यांनी कुणाला दत्तकही घेतले नव्हते. अहिरराव घराण्यातल्या यशवंतराव या मुलाने अंत्यविधी केले, थोरल्या राणी अन्नपूर्णाबाईंनी त्याला मांडीवर घेतले आणि त्याचे नाव जानोजी ठेवले. मराठी रिवाजाप्रमाणे विधवेला दत्तक घेण्याचा अधिकार आहे, असे भोसल्यांच्या वाड्याचे म्हणणे होते. कलकत्त्याच्या कंपनी सरकारला ते मान्य नव्हते. मार्च 1854 मध्ये लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झाले, हत्ती-घोडे नागपुरातच मातीमोल भावाने विकले गेले. यातला सगळ्यात कडू भाग असा, की तिसरे रघुजी स्वतःच दत्तक होते. ते दुसऱ्या रघुजींच्या मुलीचे चिरंजीव, जन्माने गुजर. 1818 मध्ये राजे आप्पासाहेब पदच्युत झाल्यावर त्यांच्या आधीचे राजे परसोजी यांच्या विधवा दुर्गाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा कंपनी सरकारला त्यात काही वावगे दिसले नव्हते. पस्तीस वर्षांनी मात्र डलहौसीचा न्याय वेगळा झाला होता. दत्तक मुलाने पिंड द्यावा, खासगी मालमत्ता घ्यावी. गादीवर मात्र वरिष्ठ सत्तेच्या संमतीशिवाय बसू नये. साताऱ्यात 1848 मध्ये हेच झाले आणि झाशीत, दामोदररावांच्या बाबतीत, नागपूरच्याच वर्षी झाले.

ख्रिस्ती धर्मशास्त्रातल्या एका संकल्पनेवरचा लेख भोसल्यांच्या वाड्यातून सुरू करण्याला कारण आहे. देव माणसाला दत्तक घेतो, ही त्या धर्मातल्या मध्यवर्ती कल्पनांपैकी एक. पण आज ती ऐकली की डोळ्यांपुढे अनाथाश्रमातले बाळ आणि त्याला कवटाळणारे प्रेमळ जोडपे येते. सगळी भावना, सगळी माया. ती माया त्या कल्पनेत आहे, पण ती नंतरची. आधी प्रश्न आहे तो वारशाचा आणि दर्जाचा: हा मुलगा घरचा की बाहेरचा, घराण्याचे नाव लावणार की नाही, वाटणीत त्याचे स्थान काय, आणि हे सगळे ठरवायचा अधिकार कोणाचा. दत्तकविधानावर अख्खे राज्य कसे टांगलेले असते, हे नागपूरकरांनी पाहिले आहे. त्यामुळे ही कल्पना मांडणाऱ्या संत पौलाला काय म्हणायचे होते हे समजायला आजच्या प्रेमळ जोडप्यापेक्षा एकोणिसाव्या शतकातला वाडा जास्त उपयोगी पडतो.

योगायोग असा, की ज्या काळात हा दत्तकाचा वाद पेटला होता, त्याच काळात या शहरात एक माणूस राहत होता ज्याच्या पंथाने दत्तकाच्या सिद्धान्ताला इतर कुणाहीपेक्षा जास्त मान दिला होता. स्टीफन हिस्लॉप 1845 पासून नागपुरात होते. मिशनरी, शाळा चालवणारे, गोंडांच्या चालीरीती नोंदवणारे, खडकांतले जीवाश्म गोळा करणारे. 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात ते बुडाले आणि वीस वर्षांनी त्यांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले, एवढे बहुतेकांना माहीत असते. ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे होते, तिचे श्रद्धाकथन म्हणजे 1646 मध्ये तयार झालेले वेस्टमिन्स्टरचे. त्यात दत्तकाला स्वतंत्र प्रकरण आहे, बारावे. लहान मुलांकडून पाठ करून घ्यायच्या प्रश्नोत्तरीतही त्यावर एक प्रश्न आहे. त्या आधीच्या बहुतेक पंथांनी हा विषय पापक्षमेच्या पोटातच गुंडाळला होता. वेस्टमिन्स्टरच्या मंडळींनी तो वेगळा काढला, कारण त्यांना दिसले की या दोन गोष्टी एक नाहीत. न्यायाधीश आरोपीला निर्दोष सोडतो. पण त्याला स्वतःच्या घरी नेऊन जेवायला बसवत नाही, त्याच्या नावे इस्टेट करत नाही. क्षमा मिळालेला माणूस मोकळा होतो, दत्तक गेलेला माणूस घरचा होतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले धर्मपंडित जे. आय. पॅकर यांनी 1973 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात तर दत्तकाला क्षमेच्याही वरचे स्थान दिले आहे. मला त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

मुळात जावे तर नव्या करारात ही संज्ञा पाचच ठिकाणी येते आणि पाचही ठिकाणी पौलाच्या नावावरच्या पत्रांत: तीनदा रोमकरांस, एकदा गलतीकरांस, एकदा इफिसकरांस. योहानाच्या लिखाणात प्रतिमा वेगळी आहे. तिथे माणूस देवापासून पुन्हा जन्मतो. पौलाला जन्माऐवजी दत्तक का सुचले, यावर अभ्यासकांत वाद आहे. एक पक्ष म्हणतो, मूळ यहुदी शास्त्रात आहे: मिसरच्या गुलामगिरीतून सोडवलेल्या इस्राएलला देव आपला पहिला मुलगा म्हणतो, दाविदाच्या वंशजाला पुत्र मानण्याचे वचन देतो. दुसरा पक्ष रोमन कायद्याकडे बोट दाखवतो. मला दोन्ही खरे वाटते. यहुदी घरात वाढलेला आणि रोमचा नागरिक असलेला माणूस दोन्ही कप्प्यांतून वस्तू काढणारच. पण पत्रे वाचणारे लोक रोमन अमलाखालचे होते, आणि त्यांच्या कानावर दत्तक हा शब्द पडला की काय उभे राहत असेल, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रोममध्ये दत्तक बहुधा मोठ्या झालेल्या पुरुषांना घेत, बाळांना नव्हे. जन्मदात्या बापाची मुलावरची सत्ता जवळजवळ मालकीसारखी असल्यामुळे ती तोडायला विक्रीचे नाटक करावे लागे. बारा फळ्यांच्या जुन्या कायद्याचा आधार घेऊन बाप मुलाला साक्षीदारांसमोर, तराजू आणि तांब्याचा तुकडा ठेवून, तीनदा विकल्यासारखे करी. तिसऱ्या विक्रीनंतर त्याची सत्ता संपे. मग नवा बाप न्यायाधिकाऱ्यापुढे त्याच्यावर हक्क सांगे. गलतीकरांस पत्रात पौल आधी खंडून, म्हणजे मोल देऊन, सोडवण्याची गोष्ट करतो आणि लगेच पुढे दत्तकाची. हा क्रम त्या काळच्या वाचकाला ओळखीचा वाटला असणार.

आता या सिद्धान्तातला सगळ्यात विलक्षण भाग. आपल्याकडच्या हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक कोण घेतो? निपुत्रिक. पिंड द्यायला, कुळ चालवायला, वृत्ती-वतन सांभाळायला मुलगा हवा म्हणून. गरज घेणाऱ्याची असते. हा नियम इतका पक्का आहे की 1956 च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यातही तो टिकला: मुलगा, नातू किंवा पणतू हयात असलेल्या हिंदूला आजही त्या कायद्याखाली मुलगा दत्तक घेता येत नाही. मुलगी घेता येते, ती स्वतःची मुलगी किंवा मुलाची मुलगी नसेल तर. रोममध्येही मुख्य हेतू घराणे बुडू नये हाच. आणि ख्रिस्ती श्रद्धेत मात्र दत्तक घेणाऱ्याला औरस पुत्र आहे. अनादी, एकुलता एक, बापाला पूर्ण आवडता. आपल्या कुठल्याही दत्तक पंडिताने हे दत्तकविधान पहिल्याच सुनावणीत बाद ठरवले असते. देवाची वंशवेल खुंटलेली नाही, त्याला पिंडाची अडचण नाही, म्हातारपणीचा आधार नको आहे. म्हणजे गरज हे कारण गळून पडते. मग उरते काय? इफिसकरांस पत्र त्याचे उत्तर देते: केवळ त्याची मर्जी, त्याची कृपा. ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपा या शब्दाला एवढे वजन का, हे मला या एका मुद्द्यावरून सर्वात स्पष्ट होते.

त्यापुढचा प्रश्न अधिक टोकाचा. औरस मुलगा असताना दत्तक घेतला तर औरसाचे काय होते? रोममध्ये याचे ताजे उदाहरण होते. सम्राट क्लॉडियसला ब्रिटानिकस हा स्वतःचा मुलगा असताना त्याने इसवी सन 50 मध्ये बायकोच्या आधीच्या मुलाला, नीरोला, दत्तक घेतले. चार वर्षांनी क्लॉडियस मेला आणि दत्तक मुलगा गादीवर बसला. पाचव्या वर्षी ब्रिटानिकस जेवणाच्या पंगतीत मेला, आणि रोमन इतिहासकारांच्या मते तो विषप्रयोग होता. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते 57 च्या सुमारास, म्हणजे नीरोच गादीवर असताना. त्या शहरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला दत्तक म्हटल्यावर हा किस्सा आठवला नसेल असे मानणे कठीण. पौलाने तो मनात धरून लिहिले, असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण दोन चित्रे शेजारी ठेवली की सिद्धान्ताचा गाभा उघडा पडतो. राजवाड्यात दत्तकाच्या वाटेतला औरस मारला गेला. पौलाच्या पत्रात औरस पुत्र दत्तकांसाठी स्वतः मरण पत्करतो, आणि उठल्यावर त्यांना सहवारस म्हणून बरोबर घेतो. वाटणी झाल्याने त्याचा हिस्सा कमी होत नाही. म्हणून ख्रिस्ती विचारात दत्तक म्हणजे रिकाम्या जागी कुणाला आणून बसवणे नव्हे. पुत्राचे पित्याशी जे नाते आहे, त्याच नात्यात इतरांना सामील करून घेणे, हा त्याचा अर्थ. येशू आपल्या आरामी बोलीत देवाला जी घरगुती हाक मारत असे, अब्बा, तीच या दत्तकांच्या तोंडी पवित्र आत्मा घालतो, असे पौल म्हणतो ते यामुळेच.

इथे मराठी वाचक एक आक्षेप घेईल आणि तो घ्यायलाच हवा. आमच्याकडे विठ्ठल माउली आहे. आईला लेकरू दत्तक घ्यावे लागत नाही; आम्ही सगळे त्याचीच लेकरे. मग हा कायद्याचा घोळ कशाला, आणि जे दत्तक नाहीत ते काय परके? आक्षेपाचा पहिला भाग ख्रिस्ती लोकांनाही अनोळखी नाही. कवी नारायण वामन टिळक काही काळ नागपुरात धनिक बुटींच्या आश्रयाने होते, इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अभंग लिहिताना ते ख्रिस्तालाही आई म्हणतच राहिले. तुकोबांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. शिवाय पौलाने स्वतः अथेन्समध्ये ग्रीक कवीचा हवाला देऊन सगळी माणसे देवाचीच संतती असल्याचे मान्य केल्याचे प्रेषितांच्या कृत्यांत नोंदले आहे. म्हणजे निर्मितीच्या नात्याने सर्व लेकरे, यावर भांडण नाही. दत्तकाचा सिद्धान्त त्यापुढच्या प्रश्नाचे उत्तर देतो: लेकरू घर सोडून गेले, परक्याचे गुलाम झाले, तर त्याचा हक्क काय उरला? भक्तिपरंपरा म्हणते, आई विसरत नाही. पौल म्हणतो, बापाने पुन्हा खंडून आणले आणि कागद करून दिला. मला भक्तिपरंपरेचे उत्तर अधिक ऊबदार वाटते. पण लेकराला स्वतःबद्दलच खात्री नसेल, तेव्हा दुसऱ्या उत्तराची ताकद कळते. आक्षेपाचा दुसरा भाग, परके कोण हा, अधिक अवघड आहे आणि त्यावर ख्रिस्ती पंथांतच एकमत नाही. देव ज्यांना निवडतो तेच, असे हिस्लॉपांचा पंथ म्हणे. दार सर्वांना उघडे आहे, आत येणे माणसाच्या होकारावर आहे, असे मेथडिस्ट म्हणतात. बाप्तिस्म्यात हे दत्तकविधान घडते ही कॅथलिकांची शिकवण.

कागदी नाते हा दुसरा आक्षेप. कायद्याने बाप झालेला खरा बाप होईल का? याला उत्तर वाड्यातच आहे. जानोजींवर अन्नपूर्णाबाईंची माया नव्हती असे कोण म्हणेल. कमी पडली ती मान्यता. ती आली 1857 नंतर, दुसऱ्या रघुजींच्या विधवा बांकाबाईंनी इंग्रजांशी राखलेल्या निष्ठेची भरपाई म्हणून, आणि तीही गादी न देता, देऊरचे राजेबहादूर हा किताब देऊन. पुढे 1862 मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या, पण नागपूरचे राज्य परत मिळायचे नव्हते. माया होती आणि सनद नव्हती, म्हणून वारसा गेला. पौलाच्या मांडणीत दत्तक घेणाऱ्याच्या वर बसलेला कुणी डलहौसी नाही, त्यामुळे ते विधान नामंजूर व्हायला वावच नाही. माणूस आपल्या वागण्याने ते गमावू शकतो का, हा प्रश्न वेगळा. 1956 चा कायदा सांगतो, वैध दत्तक रद्द करता येत नाही; बापालाही नाही, मुलालाही नाही. हिस्लॉपांचा पंथ अगदी हेच म्हणेल. कॅथलिक म्हणतील, बाप्तिस्म्याची खूण पुसत नाही, पण गंभीर पापाने कृपा हरवते. मेथडिस्ट म्हणतील, मुलगा घर सोडून जाऊ शकतो. आणि पौल आणखी एक गुंतागुंत घालून ठेवतो: रोमकरांस पत्राच्या एकाच अध्यायात तो दत्तक मिळाले असे म्हणतो आणि थोड्या ओळींनी, देहाची सुटका होईपर्यंत आम्ही दत्तकाची वाट पाहत आहोत, असेही म्हणतो. म्हणजे विधी झाला, ताबा मिळायचा आहे. आजार, म्हातारपण, मरण यांतून जाणाऱ्या माणसाला हा सिद्धान्त खोटा दिलासा देत नाही, हे मला त्याचे बळ वाटते.

पुत्र म्हणताना मुलींचे काय, असे आज विचारले जाते. पौलाच्या काळी वारसा म्हणजे मुख्यतः मुलग्याचा, आणि बायकांना दत्तक घेण्याचा अधिकारही रोमन कायद्यात नव्हता. त्याच गलतीकरांस पत्रात स्त्री-पुरुष हा भेद ख्रिस्तात नाही असे सांगून तो पुढच्या काही ओळींत सर्वांना पुत्रत्व देतो. म्हणजे बायकांनाही मुलग्याचाच हिस्सा. भाषा पुरुषी आहे हे खरेच. पण वाटणी समान आहे.

दत्तकाला इतके उंच नेणाऱ्या धर्माच्या अनुयायांना आपल्या देशात मूल दत्तक घेण्याचा कायदाच दीर्घकाळ नव्हता, हे सांगितल्यावर लोक चकित होतात. हिंदूंना 1956 चा कायदा मिळाला. ख्रिस्ती जोडप्याला मात्र 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचे पालकत्व घ्यावे लागे. मूल घरात वाढे, शाळेच्या दाखल्यावर नाव लागे. पण ते पाल्यच राहायचे, आणि मृत्युपत्र केले नाही तर वारसाहक्क शून्य. घरात मुलगा, कायद्यात पाहुणा. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ख्रिस्ती दत्तकाला मान्यता दिली, पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयानेही तशी वाट मोकळी केली; बाल न्याय कायद्यातल्या 2006 च्या दुरुस्तीने आणि 2015 च्या नव्या कायद्याने कोणत्याही धर्माच्या माणसाला पूर्ण दत्तकाचा मार्ग मिळाला. पौलाने जो भेद दास आणि पुत्र यांत केला, तोच भेद पाल्य आणि पुत्र यांत या कुटुंबांनी शंभरेक वर्षे भोगला.

सर्वात जड आक्षेप मात्र कायद्याचा नाही. एकाच बापाने दत्तक घेतलेले सगळे सख्खे भाऊबहीण ठरतात. मग भारतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत जात कशी उरली? वेगळी बाके, वेगळ्या दफनभूमी, लग्नाच्या वेळी आठवणारी जुनी जात, हे सगळे देशाच्या निरनिराळ्या भागांत घडले आहे. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर लिहिताना याच जागी बोट ठेवले होते, आणि 1956 मध्ये नागपुरात त्यांनी वेगळा रस्ता धरला. याला, जात समाजातून आली, सिद्धान्तातून नाही, असे उत्तर दिले जाते. ते अर्धेच आहे. दत्तक गेलेल्याचे गोत्र बदलते हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जुने गोत्र नव्या घरात चालू ठेवले तर दत्तकविधानच झाले नाही असा त्याचा अर्थ होतो. म्हणून मंडळीतली जात ही सामाजिक उणीव म्हणून सोडून देता येत नाही, ती या सिद्धान्ताचाच नकार आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. पंथांच्या भिंती पाडता येतात, हे त्या दिवशी दिसले. जातीच्या भिंतींसाठी असा एखादा दिवस ठरवता आलेला नाही. ज्या राष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेचे मुख्यालय याच शहरात आहे, ती कॅथलिक धर्माध्यक्षांबरोबर दरवर्षी नोव्हेंबरात दलित मुक्तीचा रविवार पाळते आणि दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीचा दर्जा मागते. 1950 च्या राष्ट्रपती आदेशातून तो त्यांना नाकारला गेला. शिखांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाला. मागणी रास्त आहे. पण ती सिद्ध करायला बाप्तिस्म्यानंतरही जात सुटली नाही हे सरकारपुढे पुराव्यानिशी मांडावे लागते, आणि तो पुरावा जितका भक्कम, तितका तो रविवारच्या उपदेशात दत्तकाविषयी बोलणाऱ्या पाळकाच्याही विरुद्ध जातो.